हेतुपत्र : तिसरा खर्डा

शब्दमर्यादा पाचशे.
पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, लहानपणापासून मला पुलांचं वेड.
खोटं. लहानपणी मला राऊए नदीवरच्या पुलाची भीती वाटायची.
लाकडं भरलेला ट्रक आला की तो अंग चोरायचा.
दुसऱ्यात लिहिलं, देशाची सेवा.
चुलीत ओंडका सारत आईनं विचारलं,
कुठल्या गं? कॅनडाची की आपली?

फॉर्म विचारतो, चारपैकी किती गुण.
आमच्याकडे सातपैकी देतात.
माझे पाच पूर्णांक चार. ते चारच्या मापात बसवताना
कुठेतरी तो हिवाळा कापला जातो
ज्यात द्रवयांत्रिकीच्या पेपरला मी तापात बसले होते.
एका विद्यापीठाची फी पंच्याण्णव डॉलर.
मी चार निवडली होती.
आता दोन आहेत.

मी यास्ना वायकिपान, ओसोर्नो,
काँक्रीट तपासणीची लॅब, सहा वर्षं.
साइटवरून सिलिंडर येतात, वीतदीड वीत उंचीचे,
अंगावर तारीख आणि खांबाचा नंबर.
अठ्ठावीस दिवस त्यांना हौदात बुडवून ठेवायचं,
मग यंत्रात उभं करून फोडायचं.
फुटताना जो आकडा येतो
तो लिहायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका शाळेच्या व्यायामशाळेचे खांब आले.
हवे होते पंचवीस. आले सतरा पूर्णांक आठ.
दुसरा फोडला. सतरा पूर्णांक दोन.
शेजारी बारियेंतोस उभे, हातात कॉफी.
म्हणाले, पंचवीस कर.
दमदाटी नव्हती. मीठ दे म्हणावं तसं म्हणाले.
मी आले तेच आकडे लिहिले.
शौर्य वगैरे काही नाही,
पेन रोजच्याच वेगात चाललं होतं.

सही व्हायला तीन दिवस लागले.
खांब पाडले.
कंत्राटदारानं आपली सगळी कामं दुसरीकडे नेली
आणि लॅबनं नेल्सनला घरी पाठवलं.
नेल्सननं मला शिकवलं होतं
सिलिंडरच्या डोक्यावर गंधकाची टोपी समतल कशी बसवायची,
आणि बोटं भाजली की शिवी नाही, शीळ घालायची.
आता तो लाकडांचा ट्रक चालवतो.
लॅबवरून जाताना दोनदा हॉर्न देतो.
कशासाठी, मी अजून विचारलेलं नाही.

शिफारसपत्रं तीन लागतात.
दोन प्राध्यापकांनी दिली,
त्यातले एक मला फोनवर शेवटपर्यंत यास्मिन म्हणत होते.
तिसरं वरिष्ठांचं. वरिष्ठ एकच.
बारियेंतोसांच्या दारात मी हातमोजे न काढताच उभी राहिले.
त्यांनी विचारलं, शेवटची तारीख?
पंधरा डिसेंबर.
पुढे काही विचारलं नाही.

फॉर्मवर एक चौकोन असतो :
पत्र वाचण्याचा हक्क मी सोडत आहे.
मी खूण केली.
बारा तारखेला पडद्यावर हिरवी अक्षरं आली, पत्र पोचलं.
त्या दुपारी ते माझ्या समोर जेवायला बसले,
पाव मोडला, यंदा गोमाश्या फार आहेत म्हणाले.
त्यांनी आकडा काय लिहिला
ते मला कळायचं नाही.

तर, हेतू.
काँक्रीट आतून कमजोर व्हायला कुठून सुरुवात करतं,
आणि तडा दिसायच्या आधी ते कसं ओळखायचं,
मला शिकायचंय.
पुढे ती शाळा लिहिली. फुशारकी वाटली, खोडली.
पुन्हा लिहिली.
जेवणाची सुट्टी संपत आलीय.
कॉम्प्युटर मोजतो : चारशे नव्याण्णव.
अजून एक शब्द मावतो.

बाहेर हॉर्न वाजला.
मी दुसऱ्याची वाट बघतेय.