डांबरगोळ्या

नाशिकला समुद्र नाही.
तो एसटीनं आला, हर्णैहून,
शिफाना मुकादमच्या डब्यातून:
वाळू, शिंपल्यांचा चुरा
आणि बोराएवढ्या काळ्या गोळ्या, सात.

"डांबरगोळ्या," ती म्हणाली.
"मे सरता सरता किनाऱ्यावर येतात.
तळव्याला चिकटल्या की खोबरेलाशिवाय निघत नाहीत."
मी हसलो. आमच्याकडं डांबरगोळी पांढरी,
साड्यांच्या घडीत ठेवायची.

बोरस्ते मॅडम हसल्या नाहीत.
ड्रॉवरमधून ती पांढरीच काढली, खलात कुटली,
काचेच्या बशीच्या झाकणात चिमूटभर ठेवली
आणि वरून बशी पालथी घातली.
जेलीला उलटे लटकलेले, न दिसणारे कुणीतरी.
"आता यांना दुसरं काही मिळणार नाही.
वासावरच जगतील. जगले तर."

मी परिचर. अठरा वर्षं काच धुतोय.
ऐकून ऐकून एवढं कळतं:
सांडलेल्या तेलातलं हलकं ते आधी उडतं,
पहिल्याच दुपारी.
मग लाटा घुसळतात, काळं लोणी येतं,
ऊन त्यावर साय धरतं.
उरल्यासुरल्यावर हे बसतात पंगतीला.
सरळ साखळ्या आधी, शेवया ओढाव्यात तशा,
फाटे फुटलेल्या मागून,
कड्या सगळ्यात शेवटी, नाक मुरडत.
नुसत्या तेलावर भागत नाही त्यांचं.
द्राक्षबागेसारखंच: थोडा युरिया, थोडं फॉस्फेट,
आणि हवा.
हवा नसली तर पंगत उठलीच म्हणायची.

तेलकट मातीचे नमुने हवे होते. मुलांनी आणले.
पाणेवाडीहून, टँकर रांगेत उभे राहतात तिथून.
गोदेच्या घाटावरून, दिव्यांचं तेल साचतं तिथून.
एक मी आणला.

द्वारकेच्या पुढं, नासर्डीच्या पुलापाशी, पत्र्याची शेड.
'रंगनाथ पगार, डिझेल पंप व नोझल.'
पाटी आहे. शटर कुणी काढून नेलं.
संध्याकाळी दादा हात धुवायचे,
आधी रॉकेलनं, मग राखेनं, मग अर्ध्या लिंबानं,
तरी भाकरीला वास यायचा.
आणि काळ्या तेलाचा डबा
मागच्या उतारावर रिकामा करायचे. तीस वर्षं.
दुसरी कडा मी धरायचो.
"नदी घेते सगळं पोटात," म्हणायचे,
आईविषयी बोलावं तसं.

चंबू हलत राहिले यंत्रावर, रात्रंदिवस.
पाणेवाडीची माती सातव्या दिवशी गढूळली.
घाटावरची दहाव्या.
माझी चौथ्या.
साय फाटली, चिंध्या झाल्या,
पाणी पिठूळ पिवळं,
डिझेलचा वास जाऊन ओल्या गोणपाटाचा आला.

मॅडमनी चंबू उजेडाकडं धरला.
"हे सरावलेत. यांच्या कित्येक पिढ्यांनी हेच खाल्लंय.
कुठली माती?"
"गॅरेजची."
"कुणाच्या?"
"बंद पडलंय," म्हणालो,
आणि धुतलेलीच काच पुन्हा धुवायला घेतली.

शिफानाच्या सातांतल्या दोन अजून तशाच आहेत.
वरून सुरकुतलेल्या, टोचलं की आत ओल्या.
आतवर काही पोचत नाही.
शिवाय थोडं असं असतं, मॅडम म्हणतात,
जे कुणीच खात नाही.
रस्त्यासारखं राहून जातं.

रविवारी शेडमागं गेलो, कुदळ घेऊन.
वर धूळ, बाटल्यांची झाकणं, एक गंजलेला वॉशर.
वीतभर खाली काळं, गार,
दादांच्या वासाचं.
वारा तिथं कधी गेलाच नव्हता.
दुपारपर्यंत खणत राहिलो, ढेकळं फोडली,
वाफ्यासारखं भुसभुशीत केलं,
खिशातली युरियाची पुडी सोडून पसरली.

पुलावरून एका बाईनं विचारलं,
"काय लावताय हो?
तिथं काही येत नाही."

"लावत नाहीये," म्हणालो.
ती थोडा वेळ थांबली.
मग गेली.