गिअर ऑइल, तिघरा

बोट ट्रॉलीवर चढवली आहे.
पंखा हवेत, उगाच उघडा पडल्यासारखा.
दौलत बाथम तो हाताने फिरवून म्हणतो,
"भैया, अटक रही है."
अडकत नाहीये. कुरकुरतेय.
फरक आहे, पण तो समजावायला
आजची संध्याकाळ पुरायची नाही.

आधी खाली ट्रे. ट्रेखाली पोतं. पोत्याखाली प्लास्टिक.
भदौरिया साहेब हसतात: तेल आहे मिस्त्री, विष नाही.
मी बोलत नाही.
शहर हेच धरण पितं.
लष्करात, आमच्या दाणाओळीच्या नळाला
एक दिवसाआड पहाटे हेच येतं
आणि आई फडक्याने गाळून पिंपात भरते.

खालचा स्क्रू नुसता सैल करायचा.
तेलात पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसलेलं असतं,
तेच आधी डोकावतं.
एक थेंब. मग अर्धा.
पाणीच.
वरचा काढला तशी धार लागली, जाड, आळशी,
दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची.

बाबा बिर्लानगरच्या मिलमध्ये फिटर.
दोन बोटांत तेल चोळून, डोळे मिटून वास घ्यायचे:
हे थकलंय. हे जळलंय. ह्याला अजून महिना आहे.
मिल बंद पडल्यावर काही वर्षं
घरातल्या गोडेतेलालाही तेच करायचे.
आई बरणी पुढे करायची.

स्क्रूच्या टोकाला चुंबक, त्यावर लोखंडाची लव,
काळी, मऊ, मांजराच्या कानासारखी.
लव चालते. चाकं झिजणारच.
बोटाला टोचणारा कण नको.
मी अंगठा फिरवतो. पुन्हा फिरवतो.

पंखा काढला तर शाफ्टला नायलॉनचा दोरा,
कुणाची तरी तुटलेली गरी,
वेढ्यावर वेढा, सील कापत आत गेलेला.
दौलत खाली बघतो.
त्याच्या काकाची डोंगी रात्री कुठे असते
ते मी विचारत नाही.
तो ब्लेडने एकेक वेढा सोडवतो,
कधी नव्हे इतक्या हळू.

नवं सील दिल्लीहून नऊ दिवसांनी आलं.
ही बोट बुडणाऱ्यांसाठी आहे.
नऊ दिवसांत कुणी बुडालं नाही,
साहेबांनी तसं रजिस्टरात लिहिलं,
खाली माझी सही घेतली.

भरायचं खालून. दौलतला हे पटत नाही.
"नीचे से कौन भरता है?"
अरे, वरून ओतलं की हवा आत कोंडते,
भरलं असं वाटतं, भरलेलं नसतं.
पंप मार. हवेला वरून जाऊ दे.
एकवीस, बावीस, तेवीस...
वरच्या भोकातून आधी बुडबुडे,
मग फेस,
मग काकवीसारखं निवळ तेल.

आता वरचा स्क्रू! वरचा आधी!
वर झाकलं की खालचं थांबतं,
थोडाच वेळ, तेवढ्यात नळी काढून खालचा लावायचा,
नव्या वॉशरसकट, जुना कितीही धड दिसला तरी.
चार थेंब सांडले. ट्रेमध्येच. मी मोजले.

"हो गया?"
नाही झालं. अर्ध्या तासाने पातळी बसते,
पुन्हा उघडून बघायचं.
तोवर आम्ही दोघं धरणाच्या कठड्यावर,
तो मोबाइलमध्ये, मी नखांतलं काळं काढत.
बघितलं तर थोडं उतरलं होतं.
दोन पंप आणखी.

पहाटे पाच दहाला नळ खोकतो.
आधी हवा, मग फेस, मग पाणी.
आई फडकं धरून उभी.
मी धारेखाली हात घालतो,
दोन बोटांत चोळतो, नाकाशी नेतो.
"काय रे?"
"काही नाही. भर."