नीळ

पुंता अरेनासच्या इस्पितळात सकाळी सातला
वारा काचेला खांदा लावून उभा असतो.
यास्नाने हुकावरून नळी उतरवली.
नोल्बेर्तो ओयार्सो डाव्या कुशीवर वळले,
गुडघे पोटाशी.
चाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या या माणसाने.
"रात्रभर आतून धुतलाय मला," म्हणाले,
"आता आरसा लावलात तरी चालेल."

आत जाताना आम्ही फारसं बघत नाही.
वळणं सोडवत, थोडी हवा भरत
मोठ्या आतड्याचं पार टोक गाठायचं,
अपेंडिक्सचं इवलं तोंड दिसलं की थांबायचं.
बघणं सगळं परतीत.
कमीत कमी सहा मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळाने,
एकेका वळीमागे डोकावत,
भाड्याचं घर सोडताना
दाराआड, कपाटामागे बघतो तसं.

मी एकदा चार मिनिटांत परतले होते.
पोर्वेनीरची फेरीबोट सुटायची होती,
पलीकडे माझ्या मुलीचा वाढदिवस.
ओर्तेन्सिया मान्सिया त्या बाईंचं नाव.
तीन वर्षांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा
जे राहून गेलं होतं
ते बघायला दुर्बीण लागत नव्हती.
केक कसला होता, आठवत नाही.
चार हा आकडा आठवतो.

म्हणून आता हात सावकाश.
साध्या पांढऱ्या उजेडात सगळंच गुलाबी,
ओलं, चकचकीत, निरोगी.
देठावर वाढलेली गाठ कुणालाही दिसते,
ती बिचारी हात वर करूनच उभी असते.
भीती सपाट बसणाऱ्यांची.
शेजाऱ्यांचा रंग अंगाला फासून
मान खाली घालून बसलेल्यांची.

उजव्या वळणापाशी एक बारीक शीर
मध्येच तुटल्यासारखी वाटली.
वाटलीच फक्त.
मी बटण दाबलं.
उजेडातला तांबडा गाळला गेला,
उरला निळा, उरला हिरवा,
पडदा समुद्राच्या तळासारखा झाला
आणि शिरांचं जाळं तपकिरी होऊन वर आलं,
पातळ कागदावर मागच्या बाजूची शाई उमटावी तसं.
"थांबलात," ओयार्सो गुंगीतून म्हणाले.
"थांबले."

यास्नाने पिचकारीत नीळ भरली.
तोक्योत तीन महिने शिकत होते तेव्हा
सुगिउरा सर म्हणायचे, नीळ रोग दाखवत नाही,
ती फक्त खोलगट जागा शोधून तिथे साचते.
वाचायचं तुम्ही.
गोल ठिपके असते तर मी पुढे गेले असते.
चांदण्या असत्या, तरी बहुधा.
इथे लांबट रेघा, एकमेकींना खेटून,
अकरा मिलिमीटरभर पसरलेल्या.
अजून काही झालेलं नव्हतं.
पाच वर्षांनी झालं असतं, की पंधरा,
की कधीच नाही,
ते मला वाचता येत नाही.

खाली थोडं खारं पाणी सोडलं,
ती फुगून वर आली,
तारेचा फास आवळला.
जरासं रक्त. मग तेही थांबलं.

ओयार्सोंची नजर पडद्यावर होती.
"निळा का?"
मी सांगितलं, जमेल तसं.
"आम्हीही निळाच लावायचो.
भादरताना खुरात कीड दिसली
की पाठीवर खडू ओढायचा.
नाहीतर कळपात शिरली की सगळ्या सारख्याच."
"आणि मग?"
"मग काय. तिला वेगळ्या कुंपणात."
आणि थोड्या वेळाने, डोळे मिटून,
"काहींना लावायचा राहिलाच."

यास्ना बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होती.
बाहेर फेरीबोटीने भोंगा दिला.
अजून बरीच वाट बाकी होती.
मी घड्याळाकडे पाहिलं नाही,
पुढच्या वळीमागे पाहिलं.