हात टेकायची जागा

निपाणीच्या दवाखान्यात नवीन आलाय
हात ठेवायचा पाट. काळं रेक्झिन, आत फोम,
खाली उद्यमबागेत कातलेला स्क्रू.
उंची मी जमवते.

हौसाक्का हात ठेवते त्यावर,
पण वजन देत नाही.
कागदभर अंतर राखून कोपर तरंगतंय,
व्याह्यांच्या सोफ्यावर बसल्यागत.

डॉक्टरीणबाई हुबळीकडच्या. सुई उचलून म्हणतात,
"कै सडिल बिडी."
हौसाक्का दचकते :
"बिडी? ती सोडली की दिवाळीला!
चाळीस वर्सं हजार-हजार वळल्या,
आता खांदा झोपू देत न्हाई."

मी हसत सांगते, अक्का,
त्यांच्यात बिडी म्हणजे सोडा.
हात सोडा, सैल.

"सोडून ठेवू कुठं?"
मांडीवर सूप असायचं,
सुपात पानं, जर्दा, दोऱ्याचं रीळ.

मनगटाखाली टॉवेलची घडी सरकवते.
अर्धा आटा खाली.
पहिली सुई. दुसरी.
अंगठा अजून तर्जनीवर फिरतोय,
नसलेलं पान वळतोय.

कधीतरी स्क्रू जरासा करकरला.

ती गेल्यावर पाट पुसायला घेतला
तर कोपराचा खळगा
सावकाश वर येत होता.
थांबले. मग पुसला.