टोचणी

निफाडला पारा चारावर होता त्या सकाळी.
बागूलच्या चितेसमोर दहा रायफली, तीन फैरी.
तिसरीला नऊच वाजल्या.
कोणाला कळलं नाही.
खैरनारला कळलं,
खट् झालं ते त्याच्या गालाशी.

संध्याकाळी नाशकात, शस्त्रागारात,
न उडालेलं काडतूस त्यानं माझ्यापुढं ठेवलं.
टोपीवर खळी होती, पण उथळ,
हसू दाबलेल्या गालावर पडावी तेवढीच.

बोल्ट खोलला.
पिनेचं टोक गोल, शाबूत, लांबीही बरोबर.
(आमचे उस्ताद तिला टोचणी म्हणायचे.)
स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मात्र
कुण्या जुन्या हाताचं ग्रीस,
थंडीनं आळलेलं, काकवीसारखं.
पिन निघाली होती वेळेवर,
पोचली दमून.

रॉकेलनं धुतलं. पुसलं.
तेलाचा एक थेंब लावला, तोही पुसला.
खैरनार जागचा हलेना.
"त्याच्या आईनं मोजल्या असतील का हो?"

नळी रिकामी आहे, हे दोनदा पाहिलं.
तोंड वर करून आत पेन्सिल सोडली,
चाप ओढला.
पेन्सिल उडाली, छताच्या पत्र्याला लागली.
टण्.

"वाजली," मी म्हटलं.

तो वाकून पेन्सिल शोधत राहिला
बाकाखाली,
बराच वेळ.