उत्तरदाती क्रमांक चौदा

फलकावरच्या कागदाला टाचण्या तीनच.
चौथा कोपरा हरमाटनच्या वाऱ्यावर फडफडतोय:
कृषी-वनशास्त्र विभाग. संशोधन सहायक, पदे दोन.
अर्ज मागवण्यात येत आहेत.

तामालेच्या या सरकारी विद्यापीठात
ग्रंथालयाचा पंखा फक्त तीनवर चालतो.
त्याच्याखाली दोन दिवस मी जुने प्रबंध उपसतेय,
कारण अर्जात एक रकाना आहे:
'आजवरच्या संशोधनात काय राहून गेले?'
डॉ. आसिबी म्हणतात, आधी फट शोधा,
मग तिच्यात पाय ठेवा.

सत्त्याऐंशी सालचा प्रबंध, टंकलिखित,
वाळवीने कडा चाखून नापसंत केलेला.
'शियाची झाडे आणि ग्रामीण स्त्रियांचे उत्पन्न'.
परिशिष्ट ब, तक्ता सात. गाव आमचं.
उत्तरदाती क्रमांक चौदा:
वय अंदाजे बावीस, विवाहित, निरक्षर,
डाव्या हाताला सहा बोटे.
(हे कशाला लिहिलं असेल त्याने?
दुपार झाली असेल. कंटाळला असेल.)

किती झाडांखालचं वेचता? माहीत नाही.
कुठल्या वाटेने जाता? माहीत नाही.
आधी कुठलं झाड गळतं? माहीत नाही.

आई!
जिच्या तळपायाला अंधारातही कळतं
कुठलं फळ कालचं, कुठलं परवाचं,
आणि कुठल्या फळाखाली विंचू आहे.

मी तिथूनच फोन लावला, कुजबुजत.
पलीकडे पाण्यात लोणी फेसण्याचा आवाज,
मग थांबला, मग ती हसली.
"आठवतो की. पांढरा शर्ट. घाम टिपायला रुमाल.
माझ्या दिराची सायकल मागून आणली होती त्याने.
दिराच्या सायकलवर आलेल्या माणसाला
मी माझी झाडं सांगू?"

चार पानं भरली बिचाऱ्याने,
आणि तिने ताकास तूर लागू दिली नाही.
निष्कर्षात त्याने लिहिलंय:
स्त्रियांमध्ये ज्ञानाचा अभाव आढळला.
त्याला पदवी मिळाली. झाडं तिच्याकडे राहिली.

"आणि मला सांगशील?" मी विचारलं.
फेस पुन्हा घुसळायला लागली ती.
"सांगेन की, वुम्पिनी. पण तू
कुणाच्या सायकलवर येणार?"

जाताना फलकापाशी थांबून तो कोपरा धरला,
खालची बारीक ओळ वाचली:
क्षेत्रभेटीसाठी विभागाची मोटारसायकल मिळेल,
पेट्रोलसह. नोंदी विभागाच्या मालकीच्या राहतील.

रकाना कोराच आहे अजून.
शेवटची तारीख शुक्रवार.