चौदावा प्रश्न

टोलेडोच्या विद्यापीठात, तळघरातल्या खोलीत
मी उत्तरांचे आकडे करते.
तासाला चौदा डॉलर. हीटर आपल्या मर्जीचा.
घरच्या उत्पन्नाला पाच कप्पे,
शेवटच्याला वरून झाकण नाही.

अर्जावर नाव नसतं. अक्षर असतं.
दोनशे बाराचं डावीकडे कललेलं,
नुसती खूण करायची तिथेही बोलणारं.

आईचं शिक्षण?
"नर्सिंगची तीन सत्रं. मग मी झाले."
पुस्तिका म्हणते: काही काळ कॉलेज, आकडा तीन.
मी तीन लिहिते.
"मग मी झाले"ला आकडा नाही.

वडिलांचा व्यवसाय?
"कुठल्या वडिलांचा?
पहिले काचेच्या कारखान्यात, भट्टी विझेपर्यंत.
दुसरे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेतात.
ट्रक स्वतःचा, म्हणजे बँकेचा."
स्वयंरोजगार. सहा.
त्याच कप्प्यात चार दंतवैद्य आहेत.
पहाटे तीनला, हायवेच्या कडेला, बर्फात वाकून
तो गाडीला आकडा अडकवतो,
आणि मी इथे बसून त्याला.

घरात पुस्तकं किती?
"वीस. लायब्ररीची परत न केलेली धरली तर तेवीस."

चौदाव्या प्रश्नात शिडी आहे, दहा पायऱ्यांची.
वर सगळ्यात सुखवस्तू, तळाशी हलाखीतले.
आपल्या पायरीवर फुली मारा.
तिने दोन मारल्यात.
सातवीवर: "घरी. मावसभाऊ माझ्याकडून उसने नेतात,
आजोबांना विम्याची पत्रं मीच वाचून दाखवते."
तिसरीवर: "इथे. रूममेटने विचारलं,
उन्हाळ्यात तुमचं घर कुठल्या सरोवरावर असतं?"
दोन फुल्यांच्या मधे पेनाची एक बारीक रेघ.
थँक्सगिव्हिंगची बस असावी.

दोन उत्तरं चालत नाहीत.
डॉक्टर हॅल्व्हर्सन म्हणतात, सरासरी काढ,
नाहीतर नव्याण्णव टाक.
नव्याण्णव म्हणजे उत्तर दिलं नाही.
हिने तर जागा संपेपर्यंत दिलंय.
सरासरी पाच.
पाचवीवर ती कधी उभी नव्हती,
तिथून नुसती जाते-येते.

मला कुणी विचारलंच,
तर मी आधी शिडीच्या मागे जाऊन बघेन,
ती टेकवलीय कशाला.

पाच वाजले. खिडकीत फक्त बुटांचे तळवे,
कुणाचे नवे, कुणाचे मिठाने पांढरे पडलेले.
तेही मी मोजायला लागते, मग थांबते.
रकाना रिकामा ठेवून सँडविच उघडते.

दोनशे तेराचं अक्षर नीटनेटकं.
सगळ्या फुल्या चौकोनाच्या आत.